अंगठ्याचा पुरावा

माणसाचं भवितव्य त्याच्या शरीरातले रेणू ठरवतात, अशी प्राध्यापकांची गाढ श्रद्धा होती. त्यांचं स्वतःचं भवितव्य मात्र विभागप्रमुखांनी ठरवलं होतं, आणि ते तळमजल्यावर, उंदरांच्या खोलीला लागून ठरलं होतं. मे महिना असो की डिसेंबर, प्राध्यापकांच्या कोटाला लाकडाच्या भुशाचा वास यायचा. पुतणीने लहानपणी त्यांना 'उंदीरकाका' नाव ठेवलं. ती मोठी होऊन नोकरीला लागली, नाव घरात राहिलं.

तळमजल्यावर प्राध्यापक प्युरीन नावाच्या रेणूंचा अभ्यास करत. घरी जेवायला बसलं की ते या रेणूंची ओळख सोयरिक जमवायला आल्यासारखी करून देत. अॅडेनोसीन हा त्या घराण्यातला समंजस. दमलेल्या मेंदूच्या पेशींना 'पुरे आता, पडा जरा' असं सांगत फिरणारा. कॅफीन हा दूरचा नातलग, चेहरेपट्टी तीच. अॅडेनोसीनच्या खुर्चीत जाऊन बसतो, स्वतः काही सांगत नाही आणि त्यालाही सांगू देत नाही. कॉफी प्यायल्यावर झोप उडते ती या आगाऊपणामुळे. आणि यूरिक अॅसिड हा घराण्यातला शेवटचा, निवृत्त म्हातारा. फार झाला की पायाच्या अंगठ्यात खडे करून ठाण मांडतो, आणि माणूस पांघरुणाचं ओझंसुद्धा सहन होत नाही म्हणून ओरडतो. त्याला गाऊट म्हणतात.

या म्हाताऱ्यावर प्राध्यापकांचा जीव होता. ज्यांच्या रक्तात तो जरा जास्त असतो त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, कमी होतो असं आकडे सांगत होते. प्राध्यापकांनी उंदरांमध्ये तो वाढवून पाहिला, तर ते उंदीर तोल तपासायच्या फिरत्या दांड्यावर जास्त वेळ टिकले. अंगठ्याला छळणारा मेंदूला जपत असावा, असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं. जगाने पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं. मोठ्या हॉस्पिटलात यूरिक अॅसिड वाढवणाऱ्या गोळीची माणसांवर चाचणी सुरू झाली, आणि उद्घाटनाच्या भाषणात प्राध्यापकांचा उल्लेख झाला. वहिनींनी त्या दिवशी त्यांच्यासाठी कोट इस्त्रीला दिला होता.

त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाचा, दादाचा, अंगठा थरथरायला लागला. हाताचा, डावा.

दादा दातांचा डॉक्टर. तोंडात धरायचा छोटा आरसा तो डाव्या हातात धरायचा. एके दिवशी तो आरसा एका बाईंच्या दाढेवर टिकटिक वाजू लागला. बाईंना ही काहीतरी नवीन तपासणी वाटली. बाहेर जाऊन त्यांनी कौतुकही केलं. दादाने आरसा खाली ठेवला, दार लावून घेतलं आणि पहिला फोन धाकट्या भावाला केला. मेंदूच्या डॉक्टरांना दुसरा.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. पार्किन्सनच आहे, सुरुवात आहे, आणि तुमचं हातावर पोट आहे तेव्हा नेहमीची गोळी लगेच सुरू करा, एवढंच त्यांनी सांगितलं. इथेच घोडं पेंड खात होतं. चाचणीत तोच माणूस चालणार होता ज्याची नेहमीची गोळी सुरू झालेली नाही. ती सुरू झाली की चाचणीतून नाव कमी. आणि अशी माणसं मिळेनात म्हणून हॉस्पिटलवाले मेटाकुटीला आले होते.

प्राध्यापकांनी दादाला त्याच्याच दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं आणि समजावलं. नेहमीची गोळी नुसतं थरथरणं झाकते; चाचणीतली गोळी आजाराचं मूळच धरेल. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. थोडी कळ काढायची, बस.

"तुझे उंदीर काय म्हणतात?" दादाने विचारलं.

"उत्तम आहेत."

"त्यांना दवाखाना चालवायचा नसतो," दादा म्हणाला. मग दिवा बंद करत म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर."

या चार शब्दांवर प्राध्यापकांना त्या वेळी अभिमान वाटला होता.

पुढे काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला की दादाच्या पायाचा अंगठा सुजलाय, बूट चढत नाही. प्राध्यापक वर्ग अर्धा सोडून गेले. सोफ्यावर दादा उशीवर पाय ठेवून बसला होता. अंगठा लालबुंद, चकाकणारा, पिकल्या टोमॅटोसारखा. हात लावताच दादा कळवळला.

"अरे, ते काल मी—" दादा सांगायला लागला.

प्राध्यापकांना ऐकायला सवड नव्हती. ते गुडघ्यांवर बसून अंगठ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यूरिक अॅसिड वाढल्याशिवाय असा अंगठा सुजतो का? म्हणजे दादाला पीठ मिळत नव्हतं. खरी गोळी मिळत होती. त्यांनी दादाला मिठी मारली. वहिनींनाही मारली असती, पण त्यांच्या हातात बर्फाची पिशवी होती.

"भाऊजी, यांचा हात कापतोय, पाय टेकवत नाहीये," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करताय."

अशा चाचणीत डोकावून पाहणं हे पाप आहे, असं प्राध्यापक दर वर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगत. त्या दिवशी त्यांनी दादाला हेही सांगितलं की हॉस्पिटलात अंगठ्याचं बोलू नकोस, ते लोक उगाच गोळी कमी करतील. दादा पुढच्या तपासणीला सैल चपला घालून गेला आणि ताकास तूर लागू दिली नाही.

अंगठा यथावकाश उतरला. हाताचं थरथरणं मात्र वाढत गेलं. आधी आरसा गेला, मग इंजेक्शन. एका शिक्षकांची दाढ अर्धी कोरून झाल्यावर दादाने ड्रिल बाजूला ठेवलं, त्यांची माफी मागितली आणि पलीकडच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत शिक्षक तोंड उघडं ठेवूनच बसले होते. शिस्तीचे होते.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी आवाज चढवला. त्यांच्या मते आता काम आणि चाचणी यांतलं एकच काहीतरी होणार होतं. दादाने भावाकडे पाहिलं. प्राध्यापकांना उत्तर माहीत होतं, ते त्यांच्या समोर अंगठ्याच्या रूपाने सुजून गेलं होतं. खरी गोळी चालू असताना सोडायची म्हणजे हातातोंडाशी आलेलं घालवायचं. ते म्हणाले, अजून थोडं. आणि मग त्यांना तोडगाही सुचला: दवाखानाच नसेल तर हात स्थिर असण्याची एवढी निकड राहणार नाही, आणि चाचणीही चालू राहील. हा तोडगा त्यांना इतका बिनतोड वाटला की त्यांनी तो दोनदा सांगितला.

दादाने दवाखाना पलीकडच्या गल्लीतल्या त्या तरुणाला दिला. खुर्ची, दिवा, बाहेरची पाटी. पाटी उतरवताना त्याने स्वतः स्क्रू काढायला घेतले आणि जमेना, तेव्हा प्राध्यापकांनी काढले.

मग चाचणी मध्येच थांबवली. फायदा दिसत नव्हता. दादाला नेहमीची गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत हात असा स्थिरावला की तो सफरचंद एका सलग सालीत सोलू लागला. वहिनी ती साल ताटलीत ठेवून पाहत बसत. ती गोळी आधीपासून घेतली असती तर आणखी किती वर्षं खुर्चीमागे उभं राहता आलं असतं, हा हिशोब डॉक्टरीणबाईंनी कुणी विचारला नाही म्हणून सांगितला नाही. प्राध्यापकांनी तो विचारला नाही, कारण त्यांना तो येत होता.

कुणाला कोणती गोळी मिळाली हे हॉस्पिटलने सगळ्यांना कळवलं, तेव्हा प्राध्यापक ते सांगायला दादाच्या घरी स्वतः गेले. दादा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. धार सरळ पडत होती.

"पीठ होतं," प्राध्यापक म्हणाले. "तुला पहिल्या दिवसापासून पीठ मिळत होतं."

दादाने पुढच्या कुंडीत पाणी घातलं.

"मग तो अंगठा?" प्राध्यापकांनी विचारलं.

"दवाखान्यात अवजारं उकळायचं भांडं होतं ना, त्याचं झाकण हातातून सुटलं. पायावर पडलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो. तू माझा पाय धरून रडायला लागलास." दादाने झारी खाली ठेवली. "बाबा गेल्यानंतर तुला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, झाकणही पडलं असेल आणि यूरिक अॅसिडही वाढलं असेल. तूच शिकलेला ना त्यातलं. आणि मलाही ते खरं हवं होतं रे."

"दादा, माझ्यामुळे तुझा दवाखाना गेला."

"हो," दादा म्हणाला. त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं प्राध्यापकांना वाटलं; पण दादाने नाकारलं नाही, आणि रागावलाही नाही. तो आत गेला आणि दोघांसाठी कॉफी करून घेऊन आला. कप बशीवर वाजले नाहीत.

प्राध्यापक कॉफी न पिता बसून राहिले. निदान दुसऱ्या निम्म्यांचं काय झालं, दादाने विचारलं. ज्यांना खरी मिळाली त्यांचं.

प्राध्यापकांनी सांगितलं. त्यांच्या रक्तातलं यूरिक अॅसिड ठरल्याप्रमाणे वाढलं होतं, आणि त्यांचे हात पीठ खाणाऱ्यांइतकेच थरथरत होते.