उज्वला माझ्यात नाही

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. काळी, चौकोनी, तीन तासांची. दासगावच्या भिकाजीने मला मस्कतहून आणलं, तेव्हा गावात टीव्ही मोजून दोन होते. माझ्या पाठीवर त्याने निळ्या पेनाने ऐटीत लिहिलं, 'उजूचे कार्यक्रम'.

उजू म्हणजे त्याची धाकटी बहीण उज्वला. बुद्धवाडीतली मास्तरांची लेक, आणि या मुलखातून टीव्हीवर दिसलेली पहिली निवेदिका. तेव्हा समोर वाचायला काही नसे. सगळं पाठ करून थेट बोलायचं, चुकलं की अख्ख्या महाराष्ट्रासमोर चुकलं. ती चुकत नसे. प्रक्षेपण अडलं, तर हसतमुखाने लोकांना धरून ठेवी. बोललेलं हवेत विरायचं, सहसा कुणी जपत नसे.

भिकाजी जपणार होता. पण फीत महाग. नाटक सुरू झालं की तो रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करी, निवेदिका आली की थांबवी. त्याची बायको सोनाबाई एकदा म्हणाली, "अवो, ती आपली उजू हाय ना?"

"ती काय, रोजचीच हाय. फीत कशाला नासवू?"

अशा काटकसरीने माझ्यात तीन नाटकं आणि एक कुस्ती मावली. उजू मावली नाही.

पुढे वाहिन्या वाढल्या, नवे चेहरे आले आणि उज्वलाताई महाडला घरी बसल्या. मग गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला. त्याला अठरा वर्षं झाली. आता त्या पाटीवर लिहून बोलतात. त्यांच्या घरात एक-दोन जुन्या फिती होत्या, त्या सावित्री नदीच्या पुराने नेल्या. मी भिकाजीच्या माळ्यावर होते, म्हणून वाचले. वाचले हेच वाईट झालं.

त्यांची सून दीक्षा हिने सासूचा आवाज कधी ऐकलेला नाही. माळ्यावर माझ्या पाठीवरचं नाव वाचून ती हरखली. पोलादपूरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून तिने मला चालवणारं जुनं यंत्र मिळवलं. त्या रविवारी उज्वलाताई इस्त्रीची साडी नेसून दासगावला आल्या. पाटीवर लिहिलं, 'एकदाच ऐकायचंय.'

मला सगळं ठाऊक होतं. बुरशीने मला आधीच का खाल्लं नाही, असं झालं.

नाटक संपलं, पडदा थरथरला, थेट दुसरं नाटक. मग तिसरं. दीक्षा फीत पुढे पळवत राहिली. एकाच ठिकाणी भिकाजीचं बोट उशिरा पडलं होतं. तिथे उज्वला आली, तिने श्वास घेतला, ओठ उघडले, आणि कुस्ती सुरू झाली.

ऐंशीचा भिकाजी मान खाली घालून बसला होता. "उजू, मला वाटला तू रोजच येशील गो," म्हणाला.

उज्वलाताईंनी पाटी पुसली.

दीक्षाने मला यंत्रासकट महाडला नेलं. स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय. कुणीतरी मला चुलीत घाला हो, एवढंच मागणं आहे. कारण दर रविवारी उज्वलाताई पाटीवर लिहितात, 'लाव.' आणि मी त्यांना ओठ उघडेपर्यंत नेते, तिथेच सोडून देते.