मॅग्नोलियाखालची माती

मुनिरेआक्का सोमवारी सकाळी खुरपं घेऊनच आली. सोमवारी राजवाडा बंद. पर्यटक नाहीत, तिकीटवाले नाहीत, मी एकटा माळी असतो. आक्का वरच्या मजल्यावर तीस वर्षं सुलतानांचे पडदे रफू करतेय.

"रिफ्कीभाऊ, मॅग्नोलियाच्या झाडाखाली खणायचंय."

"डोकं फिरलंय का आक्का? साहेब माझी नोकरी घालवतील!"

"तुझी नोकरी जाईल. माझं पोर गेलंय."

तिचा एकुलता एक इल्कर खलाशी होता. काळ्या समुद्रात जहाज बुडालं, बाकीचे सगळे मिळाले, हा नाही. चाळीस दिवस झाले, कबरीत ठेवायला काही नाही.

आमच्याकडे बाळाची नाळ पडली की पोराचं नशीब जिथे उजळावं असं वाटतं, तिथे आई ती पुरते. कुणी शाळेत, कुणी मशिदीच्या अंगणात. आक्काने फडक्यात बांधून इथे पुरली होती, पोरगा राजवाड्यात साहेब होईल म्हणून. साहेब कसला, खलाशी होण्याआधी इथेच दारावरचा पहारेकरी झाला, तरी ती खूश होती. आता तिला ती नाळ कबरीत ठेवायची होती.

"नखाएवढी उरली असली तरी त्याचीच आहे ना रे?"

मी मुंडी हलवली. मेलो असतो तर बरं झालं असतं. सहा वर्षांपूर्वी ते जुनं झाड किडलं तेव्हा मीच मुळासकट उपटलं होतं. खालची कंबरभर माती गाड्यावर घालून राजवाड्याच्या धक्क्यावरून समुद्रात लोटली. मला काय ठाऊक तिच्यात काय आहे! त्या जागी नवं रोप लावलं हे आक्काला ठाऊक होतं, माती गेली हे नाही. त्याच वर्षी इल्करने पहारा सोडला आणि जहाज धरलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी ती वर्षं पुन्हा पुन्हा मोजली.

तिने खणलं, मीही खणलं. दुपारची बांग झाली. खुरपं टाकून ती नखांनी माती उकरायला लागली. "आक्का, ऐक ना," असं मी दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा पाणी हवंय का एवढंच विचारलं. भ्याड कुठला!

मग तिच्या हाताला कुजकं फडकं लागलं, वर सुतळीची गाठ. नवं रोप आणलं तेव्हा त्याच्या मुळांना मीच गुंडाळलेलं गोणपाट होतं ते.

"हीच ना रे?"

"हीच, आक्का."

"बघ, कशी घट्ट बांधली होती मी!" चाळीस दिवसांनी ती पहिल्यांदा हसली. चिंधीचे मुके घेतले, वास घेतला, उराशी धरली आणि तिथेच मातीत बसून हमसाहमशी रडली.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात इमामाने जनाज्याची नमाज पढली. मी गर्दीत मागे लपलो होतो, तरी आक्काने शोधून पुढे ओढलं.

"तू उतर खाली कबरीत. तूच ठेव त्याला. तू नसतास तर माझं पोर मला मिळालंच नसतं."

मी उतरलो आणि ठेवलं.