एकेचाळीस वेळा ‘यशस्वी’

चमेलीबाईने पत्र पुढे धरलं आणि कुंदाबाईंच्या कानशिलात रक्त चढलं. ‘वनजमिनीच्या दाव्यासोबत केवळ एक फोटो प्राप्त. पुरावा अपुरा. हरकतीची मुदत सायंकाळी पाचपर्यंत.’ तारीख आजचीच होती.

“बठ्ठा कागद दिधात ना मी, बाई?” चमेलीबाई उंबऱ्याशीच बसली. सातपुड्याच्या पायथ्यापासून ती पहाटेच निघाली होती. शिरपूरला पोहोचेतो दोन वाजले होते.

“दिले होतेस. सहा दिले होतेस. मीच लावलेत.”

एकेचाळीस घरांचे कागद कुंदाबाईंनी स्वतःच्या हाताने लावले होते. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण कागद लावायची सवय सुटली नव्हती. पाड्यावरच्या पंचात आधी म्हातारं माणूस बोलतं, मग बाकीचे. म्हणून प्रत्येक दाव्यात जुन्या माणसाचा जबाब सगळ्यात वर आणि शेताचा फोटो सगळ्यात खाली. चमेलीबाईच्या दाव्यात वर होता तिच्या सासऱ्याचा, तेरसिंगआबांचा जबाब. त्यावर अंगठा उठवून म्हातारा चैत्रात गेला. आता पुन्हा कोण सांगणार, ती जमीन कोणी फोडली ते?

त्यांनी धुळ्याला बहिणीच्या नातीला, दिपमालाला फोन लावला. दावे गोळा करणाऱ्या केंद्राच्या ऑनलाइन सर्व्हिसवर फाइली एकदम पाठवायचा प्रोग्राम तिने लिहिला होता.

“अक्का, एकेचाळीस वेळा ‘यशस्वी’ आलं होतं. मी स्वतः पाहिलं.”

“आणि काय पोचलं ते पाहिलंस?”

पलीकडे नुसती बटणं वाजत राहिली. बऱ्याच वेळाने दिपमाला म्हणाली, “चुकलं माझं. सहाही फाइली मी एकाच नावाच्या खणात टाकत होते. नवी आली की आधीची पुसली जायची. शेवटची तेवढी गेली.”

शेवटची म्हणजे शेताचा फोटो. त्यात चमेलीबाईच्या दोन शेळ्या.

“अगं, धुळ्याच्या कचेरीत शालिग्रामनाना आलेले कागद घ्यायला आवकवर बसायचे,” कुंदाबाई कडाडल्या. “डोळ्यांना धड दिसत नव्हतं. पण बोट ओलं करून पानं मोजल्याशिवाय शिक्का उठवला नाही कधी. आणि तुमचं यंत्र न मोजता यशस्वी म्हणतं?”

“मोजायला मी सांगितलंच नव्हतं त्याला.”

“मग आता सांग.”

चारला दिपमालाने पुन्हा पाठवायला घेतलं. प्रत्येक दावा गेला की प्रोग्राम सर्व्हिसला विचारायचा, किती आल्या? सहा. सहा. सहा. चार चाळीसला एकेचाळीस झाले आणि केंद्रातल्या योगेंद्रचा फोन आला.

“मॅडम, हे दुबार आलंय. एक अर्ज जोडा, म्हणजे मी पुढे सरकवतो. ‘अर्जदारांच्या चुकीमुळे कागद राहिले’ एवढं लिहा. नेहमीचा मजकूर आहे.”

“अर्जदारांची कोणती चूक?”

“मॅडम, शब्दच आहेत ते. वीस मिनिटं राहिलीत.”

“एकेचाळीस घरांतून एकेक फोटो आला, तेव्हा तुम्हाला एक फोन करावासा वाटला नाही का हो?”



चमेलीबाईने कुंदाबाईंच्या पदराला हात लावला. “लिख ना बाई, मनी चूक. मना काय जास?”

“तुझं जात नाही म्हणूनच तुझ्या नावावर ढकलतात,” कुंदाबाई तिच्यावरच खेकसल्या. लेखणी कागदात रुतत होती. ‘अर्जदारांनी सर्व कागद वेळेत दिले होते. पाठवताना ते आम्ही हरवले आणि केंद्राने विचारले नाही.’ खाली सही ठोकली, फोटो काढून दिपमालाला धाडला. तिने खाली आपली सही केली, न विचारता, आणि अर्ज दाव्यांना जोडला.

चार बावन्नला योगेंद्रने दावे पुढे सरकवले. “तेवढं शेवटचं वाक्य नसतं तर बरं झालं असतं, मॅडम.”

“मलाही बरं वाटलं असतं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“आबाना अंगठा पोचना का?” चमेलीबाईने विचारलं. पोचला म्हणून सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. शेवटी दिपमालाने केंद्राकडे गेलेली फाइल तिथूनच उघडून कुंदाबाईंच्या मोबाइलवर दाखवली. निळा, जरा सरकलेला अंगठा. चमेलीबाईने तो कितीतरी वेळ पाहिला.

“मंग पह्यलेच उघाडीसन का नही देखं?”

कुंदाबाईंनीही तेव्हा उघडून पाहिलं नव्हतं. रागवायला समोर आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.