कापायचं यंत्र

आळीत सगळे त्यांना बाइंडरबाईच म्हणत. वह्या, पावतीपुस्तकं, जुने ग्रंथ, सगळं घरच्याच पुढच्या खोलीत त्या बांधायच्या. अडायचं ते कडा कापण्यापाशी. त्यासाठी दोन गल्ल्या ओलांडून छापखान्यात जावं लागे. तिथलं कागद कापायचं मोठं यंत्र बाईंच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की छापखाना बंद होऊन सामानाचा लिलाव निघाला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, हे यंत्र दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. साठ हजारांपर्यंत जायचं, त्यापुढे एक पैसा नाही.

लिलावाला जन्मात कधी गेलेल्या नव्हत्या. म्हणून थोरल्या बहिणीचे यजमान सोबत आले. दाजींनी एकदा लिलावात मोटार घेतली होती. ती पुढे वर्षभर गॅरेजातच होती, पण अनुभव तो अनुभव.

"चेहरा मख्ख ठेवायचा," दाजींनी बजावलं. "हवंय हे कळलं की संपलं."

छापखान्याच्याच हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दारात नाव लिहून घेऊन बाईंच्या हातात आकड्याची पाटी आणि चार पानी कागद दिला. कागद दाजींनी घडी घालून खिशात टाकला. "सगळीकडे तेच असतं," म्हणाले.

लिलाववाला एवढ्या वेगाने बोलायचा की आकडा कानात शिरेपर्यंत पुढचा आलेला असे. टेबलं गेली, कपाटं गेली, कागदाची रिमं गेली. पहिल्या रांगेतला भंगारवाला मान हलवायचा आणि वस्तू त्याची व्हायची. मग यंत्राचा पुकारा झाला. मख्ख राहायचं म्हणून बाईंनी पाटी छातीशीच धरली. तीस झाले, पस्तीस झाले, चाळीस झाले. लिलाववाल्याची नजर त्यांच्या डोक्यावरून जात राहिली.

"अहो, इकडे!" शेवटी त्या उभ्याच राहिल्या. "अठ्ठेचाळीस!"

"अठ्ठेचाळीस, मागच्या बाई. अठ्ठेचाळीस एकवार..."

"वाढव, वाढव," दाजींनी कोपराने ढोसलं. बाईंनी पाटी पुन्हा वर केली.

"बाई, बोली तुमचीच आहे. स्वतःलाच हरवताय होय?"

सगळा हॉल हसला. बाईंचे कान तापले. त्या खाली बसतात न बसतात तोच भंगारवाल्याने मान हलवली. पन्नास. बाईंचा हात वर निघाला, तर दाजींनी मनगटच धरलं. "थांब जरा. त्याला वाटू दे आपण दमलो."

"पन्नास एकवार, दोनवार, तीनवार!" हातोडा पडला.

"थांबा! मी बोलणार होते!"

"हातोडा पडला, बाई," लिलाववाला म्हणाला आणि पुढच्या लॉटकडे वळला.

बाईंनी दाजींच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. तोंड उघडलं असतं तर दाजींचं आणि त्यांचं नातं तिथेच तुटलं असतं. उठून त्या थेट भंगारवाल्यापाशी गेल्या. "तुम्ही ते मोडून लोखंडाच्या भावात विकणार. मला चालू यंत्र हवंय. वर चार हजार देते."

"सत्तर द्या, आणि घेऊन जा."

"सत्तर? आत्ताच पन्नासला घेतलंत!"

"तुम्हाला किती हवंय ते तुम्ही उभं राहून सांगितलंत, बाई. मी काय करू?"

पाय आपटत त्या पाटी परत करायला गेल्या. तिथली कारकून मुलगी म्हणाली, "नाही मिळालं ते बरंच झालं म्हणा. बोलीवर शेकडा अठरा वेगळे पडतात. बावन्नाला घेतलं असतंत तरी एकसष्टाच्या वर गेलं असतं."

"हे आधी कुणी सांगितलं?"

"पहिल्याच पानावर आहे की."

बाईंनी वळून दाजींकडे पाहिलं. दाजींनी मुकाट्याने खिशातली घडी काढून दिली.

बाहेर बसथांब्यावर उभ्याने बाईंनी चारही पानं वाचून काढली. दाजींनी चहाचं विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी मी एकटी जाईन." दाजी रुसले. महिनाभर घरी फिरकले नाहीत. ताईने फोनवर चार शब्द सुनावले, तेही बाईंनी ऐकून घेतले. वह्यांच्या कडा त्या महिनाभर सुरीने कापत राहिल्या. बोटांना दोनदा पट्ट्या लागल्या आणि एक गिऱ्हाईक तुटलं.

पुढचे तीन लिलाव त्या नुसत्या बसून आल्या. एकदाही पाटी उचलली नाही. कोण कधी थांबतो, कोण उगाच भाव चढवतो, ते बघत राहिल्या. चौथ्याला एका शाळेचं सामान निघालं. त्यात हाताने दाबून कागद कापायचं लहान यंत्र होतं. बाईंनी आदल्या दिवशी जाऊन पातं, दट्ट्या, स्क्रू, सगळं हात लावून पाहिलं होतं. पहिल्या रांगेत बसून पाटी डोक्याच्या वर धरली आणि एकवीस हजारांना यंत्र मिळवलं. वरचे अठरा टक्के आधीच धरलेले होते.

हमालांनी ते घरात आणताना दाराची चौकट खरवडली. डाव्या बाजूने ते केसभर तिरकंच कापतं. बाई रोज खाली पुठ्ठ्याचा तुकडा सारतात, रोज त्याला शिव्या घालतात, आणि रोज शंभर वह्या कापतात.