टोकाच्या घरची तार

लांडग्यांच्या सुनावणीला आमचं अख्खं खोरं शाळेच्या हॉलमध्ये लोटलं होतं. शेजारच्या यलोस्टोन पार्कात लांडगे सोडायला इथल्या गुराख्यांपैकी कोणाचाच होकार नव्हता आणि माझा शेजारी हॅल्वर तर इरेलाच पेटला होता. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने सरकारी साहेबांची सालटी काढली.

त्यानंतर तिथेच नव्या टेलिफोन कंपनीला परवानगी द्यायची का, याची सुनावणी होती. लोक उठून कॉफीकडे वळले. हॅल्वरनेही टोपी चढवली.

"बस की जरा," त्याची बायको आयडेला म्हणाली. "नवी कंपनी आली तर ती गावातली घरं तेवढी उचलेल. आपल्या टोकापर्यंतची तार मग कोण सांभाळणार?"

"नाही सांभाळली तर तुझ्या बहिणीच्या कानाला जरा विश्रांती."

"हस तू. मला काही झालं तर लांडग्यालाच पाठव डॉक्टरकडे."

सगळे हसले, मीही हसलो. मग ती एकटीच उभी राहून बोलली. साहेबांनी माना डोलावल्या आणि पुढे कंपनीला परवानगी देऊन टाकली.

गावाने नव्या कंपनीचे स्वस्त फोन घेतले. आमची टेलिफोनची सहकारी संस्था डबघाईला आली आणि तारा दुरुस्त करणाऱ्याला तिने घरी बसवलं. वसंतातल्या हिमवादळात हॅल्वरकडे जाणारा खांब पडला, तो पडूनच राहिला. संस्थेत विचारलं की "बघतो" म्हणायचे.

पार्कात लांडगे सुटले होते आणि गाई विण्याचे दिवस होते. हॅल्वर बंदूक घेऊन दिवसभर कुरणात वासरांपाशी बसायचा. एका दुपारी जेवायला घरी आला, तर आयडेला स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली. छातीत कळ आली असावी. अंग गार पडलं होतं आणि रिसीव्हर मुठीत घट्ट होता. तो मला बोलवायला आला आणि ती मूठ आम्ही दोघांनी मिळून सोडवली.

पुढच्या वर्षी लांडग्यांवर पुन्हा सुनावणी झाली. हॉल तसाच भरला. कोणाची किती वासरं गेली, ते साहेब एकेकाला विचारत होते. हॅल्वर माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"तुमची किती गेली?"

"एकही नाही," तो म्हणाला. "मी तिथंच बसून होतो ना."