दोन बोटं

घोडं हे मोठं लबाड जनावर. पाठीवर खोगीर चढवून पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला घ्या, की ते पोट फुगवून उभं राहतं. चार पावलं चाललं की श्वास सोडतं आणि तंग सैल पडतो. म्हणून केळव्याच्या तबेल्यात मालकीण जयवंतीबाईंचा दंडक होता: एकीने तंग बांधायचा, दुसरीने घोडी चार पावलं चालवून पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचं. बोटं कचकून बसली की म्हणायचं, "हाय." मगच घोडीवर चढायचं.

तेजल आणि तानी दोन वर्षं एकमेकींना हे "हाय" म्हणत आल्या होत्या. तेजल मुरबे गावची, बाप होडीवर. तानी मनोरकडच्या पाड्यावरची. घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, म्हणून ही तबेल्यातच राहायची. लीद उपसताना एका फावड्यावरून भांडायच्या आणि दुपारी तेजलच्या डब्यातली बोंबलाची चटणी बोटं चाटून खायच्या.

यंदा बाई एकीला नाशिकला पाठवणार होत्या, घोडेस्वारी शिकवायचं शिकायला. एकीलाच, परीक्षा घेऊन. तानी सरस होती, हे घोड्यांनाही ठाऊक होतं. चांदणी नावाची ती आडमुठी घोडी तानीने नुसती जीभ वाजवली तरी वळायची. तेजलला हे कळत होतं आणि सलतही होतं.

रविवारी तानीची परीक्षा. तिने चांदणीवर तंग बांधला, तेजलने घोडी चालवली, पट्ट्याखाली बोटं घातली. दोन बोटं कसली, अख्खी मूठ गेली असती. खोगीर जरासं सरकेल, तानी बावचळेल, बाई नाक मुरडतील, एवढंच तेजलच्या मनात आलं. एवढंच, असं ती पुढे स्वतःला शंभरदा सांगणार होती.

"हाय," ती म्हणाली.

पहिल्याच वळणावर खोगीर फिरलं. तानी सुरूच्या बुंध्यावर आपटली आणि उजवं मनगट मोडलं.

"तू बघितलं होतंस ना गं?" बाईंनी तेजलला विचारलं. तेवढ्यात तानीच कण्हत म्हणाली, "बगितलं तिनं. तिला काय बोलू नका, बाई. मीच ढिला बांधला आसंल."

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते उगाच नाही. तेजल आता तानीची वेणी घालायची, तिला घास भरवायची. तानी येईल जाईल त्याला सांगायची, "सख्खी बहीण करनार नाय एवडं करते." ते ऐकलं की तेजलला वाटे, त्यापेक्षा हिने एक थोबाडीत द्यावी. लाजेने जीव अर्धा होत होता, पण आता नाशिक तिच्या वाट्याला येणार होतं आणि ते काही सोडवत नव्हतं. माणूस असा कोडगा असतो.

पुढच्या रविवारी तेजलची परीक्षा. तंग तिने बांधला आणि बघायला तानी आली, एक हात प्लास्टरमध्ये. तिने चांदणीला चार पावलं चालवलं, डाव्या हाताची बोटं पट्ट्याखाली घातली.

"थांब, चढू नको. सैल हाय. पडशील ना गं!"

मग घोडीला खांदा लावून एका हाताने, तोंड लाल होईतो, तिने पट्टा ओढला. पुन्हा चालवली, पुन्हा बोटं घातली. "आता हाय. जा, नाशिक तुजंच."

तेजलचा पाय रिकिबीत गेलाच नाही.

"तानी, तवा पन सैल व्हता," ती बाईंच्या देखत म्हणाली. "माज्या बोटांना कळला व्हता. तरी मी हाय बोलले."

तानीने तिच्याकडे पाहिलं, लगाम हातात घेतला आणि चांदणीला ठाणावर नेऊन बांधलं. बाईंनी तेजलचं नाव खोडलं. हात बरा झाला की तानीच जाणार, असं ठरलं. त्याचं तेजलला खरंच वाईट वाटलं नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. तोवर तानी बोलू लागली होती, चाऱ्याचं, पाण्याचं. चटणीही खाल्ली एकदा. मिटलं, असं तेजलला वाटलं. त्या सकाळी तानीने चांदणीवर तंग बांधला आणि तेजल सवयीने दोन बोटं पुढे करून आली.

"ऱ्हाव दे," तानी म्हणाली. रागाने नाही, साध्याच आवाजात.

तिने स्वतःच घोडी चार पावलं चालवली, स्वतःच पट्ट्याखाली बोटं घातली, आणि स्वतःलाच म्हणाली, "हाय."