तिसऱ्या खोबणीतलं वाक्य

मी कानडी मुलखातल्या चामराजपेटमधल्या एका छोट्या मराठी चर्चची लाकडी फळी बोलतेय. उपासनेत कोणती गाणी म्हणायची, त्यांचे आकडे माझ्या तीन खोबणींत लावत. माणसं आत आली की आधी माझ्याकडे बघत, मग पास्टरांकडे. त्याचा मला जरा तोराच होता.

मग भिंतीवर पडदा आला. गाण्यांचे शब्दच त्यावर उमटू लागले आणि माझी रवानगी सतरंज्यांच्या खोलीत झाली.

तिथून मला बाहेर काढलं रत्नाक्कांनी. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. उपासना संपली की दहावी-अकरावीच्या मुलांना तर्क शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. वरच्या दोन खोबणींत खरी मानलेली वाक्यं, तिसरीत त्यांतून निघणारा निष्कर्ष. "आधी जोड बघा, मग लाकूड बघा," त्या म्हणत. म्हणजे निष्कर्ष वाक्यांतून निघतो का ते आधी, वाक्यंच खरी आहेत का ते मग. जोड पक्का असूनही लाकूड किडकं निघतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मंडळीतले वडीलधारे बसवंतअण्णा यावर नाराज होते. "अक्का, देवाच्या घरात तर्क कशाला? मुलांची श्रद्धा जाईल. बंद करू या हे."

"डोकं त्यानंच दिलंय, अण्णा. ते काय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं?"

"सरी, ठीक आहे. आज मी मागे बसतो. मग ठरवू."

त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मनातला एक निष्कर्ष आणायचा होता. नयना उठली. तिची आई नुकतीच वारली होती. तिने पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या माझ्यात सरकवल्या. श्रद्धेने मागितलं की मिळतंच. मी आईसाठी मागितलं, मिळालं नाही. माझी श्रद्धा खोटी.

पहिलं वाक्य अण्णांचं होतं. आई आजारी असताना धीर द्यायला म्हणून ते घरी येऊन सांगून गेले होते. मला त्या पट्ट्यांचं ओझं सहन होईना.

"जोड पक्का आहे," रत्नाक्का सावकाश म्हणाल्या. "आता लाकूड. नयना, शिपायांनी पकडण्याआधी येशूने बागेत देवाकडे काय मागितलं?"

"दुःखाचा प्याला टळू दे."

"टळला?"

"नाही."

"मग याच फळीवर त्याच्या श्रद्धेबद्दल काय लिहावं लागेल?"

नयनाने पहिली पट्टी ओढून काढली आणि सरळ मागे जाऊन अण्णांच्या हातात ठेवली. "अण्णा, हे तुमचं आहे. मला नको."

अण्णा पट्टीकडे बघत राहिले. "माझा मुलगा गिरीराज गेला तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, बाळ. मी ते खरं मानत आलो."

वर्ग बंद करायचं पुन्हा कुणी बोललं नाही. अण्णा आता मुलांत बसतात आणि चुकतातही.

आई का गेली, हे मात्र नयनाला कुणी सांगू शकलेलं नाही. रत्नाक्कांनीही नाही. ती ते देवालाच विचारते, कधी कधी रागावून. तिसरी खोबण तिच्यासाठी रिकामी आहे. तिथे घाईने काही खुपसायला याल, तर मी अडून बसेन.